मुखत्याराचा शिक्का : 'सूडू' या आज्ञेचा इतिहास आणि तिच्यातल्या फटी

आपल्या घरी जुनी लोखंडी पेटी असेल तर ती एकदा उघडून पाहा. आदिलाबाद, आसिफाबाद, किनवट, राजुरा या मुलखात तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी घरांत अशा पेटीत बहुधा उर्दूतले दोन-तीन कागद निघतात, १९५४-५५ च्या खासरा पहाणीची नक्कल निघते, आणि त्यांच्याखाली घडी घातलेले एखादे मुखत्यारपत्र असते. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आदिलाबाद अलीकडे राहिले. एकाच घराची शेते दोन राज्यांत पडली. मग कुणाला तरी लिहून द्यावे लागे, की माझ्या वतीने हा सही करील, ती माझीच समजावी.

हे वाक्य लिहिताना आजोबांचा हात थोडा अडखळला असेल. आपली सत्ता दुसऱ्याच्या हाती द्यायची, पण सगळी नाही. एका कामापुरती, एका शेतापुरती, काही दिवसांपुरती. कागदात ती मर्यादा लिहिता येते. ती पाळली जाईल की नाही, हे मात्र कागद पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

यंदाच्या व्याख्यानाचा विषय संगणकाचा आहे हे ऐकून काही मंडळींनी भुवया उंचावल्या. साहित्यसंस्थेत हे कशाला? मी त्यांना एवढेच म्हणालो, की मी मुखत्यारपत्राबद्दलच बोलणार आहे. फक्त ते मोडीत किंवा उर्दूत लिहिलेले नाही.

प्रथम थोडे मागे जाऊ. पेशव्यांच्या मुद्रा आपण चित्रांत पाहिल्या असतील. बाजीरावांच्या मुद्रेत आधी राजा शाहूंचे नाव येते आणि त्यानंतर मुख्य प्रधान म्हणून बाजीरावांचे. सातारा शंभर कोस दूर असो, हुकूम पुण्याहून सुटो, शिक्का सांगतो की हा माणूस स्वतःच्या नावाने बोलत नाही, धन्याच्या नावाने बोलतो आहे. त्याच्याही आधीची शिवकालातली एक युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर जिथे संपे तिथे 'मर्यादेयं विराजते' असा छोटा शिक्का उठवीत. इथे पत्राची मर्यादा झाली, याखाली कुणी एक ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. वरची मुद्रा हुकूम कुणाचा हे सांगे, खालची मोर्तब तो कुठे संपला हे सांगे. हुकूम खरा असून भागत नाही, तो कुठे संपतो हेही खरे असावे लागते, हे त्या दफ्तरातल्या माणसांना पक्के ठाऊक होते.

आणि तरीही फट राहतेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. 'ध' चा 'मा' झाला ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही येते : कागदावर 'धरावे' होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले. इतिहासकारांनी या कथेवर शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पण लोकांनी ही कथा अडीचशे वर्षे का सांभाळली याचा विचार करा. तिच्यात शिक्का खरा आहे, हुकूम देणारा खरा आहे, हुकूम घेणाराही खरा आहे. खोटे आहे ते मधले एक अक्षर. रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला, अक्षरावर नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल, ध्यानात ठेवा.

आता संगणकाकडे येतो. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची कार्यप्रणाली रचायला घेतली. आजचे लिनक्स याच घराण्यातले, जगातले बहुसंख्य सर्व्हर त्याच्यावर चालतात, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. या घराण्यात प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचा वापरणारा म्हणजे 'रूट'. त्याला कुठलीच मनाई नाही. कुणाचीही फाइल वाचावी, बदलावी, पुसावी. कुणाचेही खाते उघडावे वा बंद करावे. निजामाच्या काळी गावात माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी यांच्यात जी सत्ता वाटलेली होती, ती इथे सगळी एकाच्या हाती.

अडचण लगेच आली. साध्या माणसाला आपला पासवर्ड बदलायचा असतो, पण पासवर्डांची वही रूटच्या ताब्यात. प्रत्येक वेळी रूटने उठून यायचे का? रिचीने तोडगा काढला. एखाद्या प्रोग्रॅमवर अशी खूण ठेवायची, की तो कुणीही चालवला तरी चालताना त्याला मालकाचा अधिकार मिळेल. तहसिलीच्या खिडकीवरच्या कारकुनासारखे हे आहे. दफ्तरखान्यात तुम्हाला शिरता येत नाही. कारकुनाला येते, आणि तो तुमच्यापुरते काम करून खिडकी लावून घेतो. १९७९ साली रिचीला या कल्पनेचे पेटंट मिळाले. पुढच्या सगळ्या कथेची जड ही आहे. कारकून फसला, तर तो फसलेला माणूस दफ्तरखान्याच्या आत उभा असतो.

रूटचे काम करायचे तर पूर्वी एकच वाट होती, रूटचाच पासवर्ड ठाऊक असणे. जिथे पाच माणसे यंत्र सांभाळत तिथे पाचांना तो सांगावा लागे, आणि बिघाड झाला की कुणी केला हे कळत नसे. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'सूडू'. 'सू' म्हणजे ती जुनी वापरणारा बदलण्याची आज्ञा, 'डू' म्हणजे कर. मराठीत सांगायचे तर 'धन्याच्या वतीने कर'. आता रूटचा पासवर्ड कुणाला सांगायची गरज नाही. माणसाने स्वतःचा पासवर्ड द्यायचा. सूडू एक यादी उघडून पाहतो, की या माणसाने, या यंत्रावर, कुणाच्या वतीने, कोणती आज्ञा चालवायची परवानगी आहे. असेल तर चालवतो आणि नोंद ठेवतो. ती यादी म्हणजे मुखत्यारपत्रच आहे : कोण, कुठे, कुणासाठी, कशापुरते.

हा प्रोग्रॅम पहिल्यांदा वापरला की तो एक छोटे प्रवचन देतो. दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान ठेवा, टंकण्याआधी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते, अशा अर्थाचे तीन मुद्दे. प्रोग्रॅमच्या भाषेत या प्रवचनाला 'व्याख्यान' हेच नाव आहे. ते ऐकून कुणी सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. व्याख्यानांचे एकंदर असेच असते.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून सूडूची देखभाल मुख्यत्वे एकाच माणसाकडे आहे, टॉड मिलर. जगभरच्या बँका, विद्यापीठे, सरकारी खाती ज्या खिडकीतून कारभार करतात, तिची कडी तीस वर्षे हा एक माणूस तपासतो आहे.

आता फटींकडे वळतो. सगळ्या सांगत बसलो तर हे व्याख्यान संपणार नाही. ज्यांत काही शिकण्यासारखे आहे तेवढ्याच घेतो.

पहिली घड्याळाची. आपण एकदा पासवर्ड दिला की सूडू काही मिनिटे पुन्हा विचारत नाही. शेवटचा पासवर्ड कधी दिला त्याची वेळ तो टिपून ठेवतो. 'आता माझी ओळख विसर' असे त्याला सांगितले की तो ही वेळ पुसायच्या ऐवजी १ जानेवारी १९७० करून टाकी, कारण युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. हा दिवस इतका जुना की तो कधीच 'आत्ता' ठरणार नाही, असे गृहीत होते. २०१३ साली दाखवून देण्यात आले, की ज्याला यंत्राचे घड्याळ बदलता येते त्याने ते १ जानेवारी १९७० वर नेले, की सूडूच्या हिशेबी पासवर्ड आत्ताच दिलेला असतो. पूर्वी कधीतरी त्या माणसाने सूडू वापरलेला असावा, एवढीच अट. अॅपलच्या संगणकांवर प्रशासक गटातल्या माणसाला घड्याळ फिरवायला तेव्हा पासवर्ड लागत नसे, त्यामुळे तिथे हे अधिकच सोपे झाले. मुदत संपलेला कागद चालवायचा तर भिंतीवरची दिनदर्शिकाच बदलावी, असा हा प्रकार.

दुसरी १४ ऑक्टोबर २०१९ ला जाहीर झाली, आणि मला ती सगळ्यांत मराठी वाटते, कारण तीत 'ध' चा 'मा' आहे. अॅपलमधले जो व्हेनिक्स यांनी ती शोधली. यादीत असे लिहिता येते, की हा माणूस कुणाच्याही वतीने आज्ञा चालवू शकेल, फक्त रूटच्या वतीने नाही. नियम स्वच्छ आहे. पण नावाऐवजी क्रमांक देण्याचीही सोय होती, आणि कुणी उणे एक हा क्रमांक दिला तर? असा कुणी वापरणारा नसतो. सूडूने यादी पाहिली : उणे एक म्हणजे शून्य नव्हे, तेव्हा हा रूट नाही, जाऊ द्या. मग त्याने प्रणालीच्या गाभ्याला सांगितले, माझा क्रमांक उणे एक कर. गाभ्याच्या भाषेत मात्र उणे एकचा अर्थ 'आहे तो बदलू नको' असा आहे. सूडू स्वतः त्या क्षणी रूट म्हणूनच चालत होता. बदल झाला नाही, आणि आज्ञा रूटच्या वतीने चालली. ४२९४९६७२९५ हा आकडा दिला तरी हेच, कारण बत्तीस बिटांत उणे एक असाच लिहिला जातो.

यात कोण चुकले? यादी लिहिणाऱ्याचे शब्द बरोबर होते. गाभ्याने आपल्या ठरलेल्या अर्थाप्रमाणेच केले. दोघांच्या भाषेत एक शब्द वेगळा होता, आणि मधल्या मुखत्याराने तो न विचारता पुढे दिला. रामशास्त्री असते तर त्यांनी मुखत्यारालाच उभे केले असते, आणि दुरुस्तीही सूडूतच करण्यात आली.

तिसरी २६ जानेवारी २०२१ ची, क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी उघड केलेली. हैतीच्या लोकश्रद्धेतल्या एका मृत्युदेवतेच्या नावावर कोटी करून तिला 'बॅरन सामेडिट' म्हणतात. इथे शिवकालीन मोर्तब आठवा. संगणकाच्या स्मृतीत मजकूर कुठे संपला हे कळावे म्हणून शेवटी एक शून्य अक्षर ठेवतात, तेच त्याचे 'मर्यादेयं विराजते'. सूडूच्या एका भागात असा नियम होता, की उलटी तिरपी रेघ दिसली तर ती गाळून तिच्या पुढचे अक्षर जसेच्या तसे उचलावे. मजकुराच्या अगदी शेवटी अशी रेघ ठेवली की पुढचे अक्षर म्हणजे मर्यादेचा शिक्काच. तो साधे अक्षर समजून उचलला गेला, आणि प्रोग्रॅम मर्यादा ओलांडून पुढे लिहीत सुटला. एरवी अशी एकटी रेघ तिथवर पोचू नये अशी तजवीज होती. एका विशिष्ट प्रकारे हाक मारली की मात्र ती तजवीज वगळली जाई. याला यादीत नाव असायची गरज नाही, पासवर्डाची गरज नाही. यंत्रावर साधे खाते असलेला कुणीही रूट होऊ शके. दोष जुलै २०११ मध्ये शिरला होता, म्हणजे साडेनऊ वर्षे तो तिथेच होता, आणि मूळ मजकूर जगात सगळ्यांना वाचायला खुला होता. 'सगळ्यांना दिसते, तेव्हा कुणीतरी पाहिलेच असेल' या भरवशाला मी तेव्हापासून फारशी किंमत देत नाही.

याच वर्षी जूनमध्ये केव्हिन बॅकहाउस यांनी सूडूच्या एका नात्यातल्या प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. त्याचे नाव 'पोलकिट'. खिडक्या आणि बटणे असलेल्या लिनक्सवर 'यासाठी पासवर्ड द्या' अशी चौकट मागून घेणारा तो हा. कुणी विनंती केली की पोलकिट निरोप्याला विचारतो, ही कुणाची? निरोप्या क्रमांक सांगतो. आता विनंती करून तो माणूस नेमका मधल्या क्षणी निघून गेला तर? निरोप्या म्हणतो, असा कुणी इथे नाही. एवढ्यावर विनंती फेटाळायला हवी होती. पण एका वाटेवर ही चूक नीट हाताळलेली नव्हती; रकाना कोरा राहिला, आणि कोऱ्या रकान्याची किंमत शून्य. शून्य म्हणजे रूट. खुद्द सरकारच विचारते आहे असे समजून पोलकिटने पासवर्डही मागितला नाही. मिलिसेकंदांचा खेळ असल्याने काही वेळा प्रयत्न करावा लागे, पण अखेर नवे प्रशासक खाते उघडून मिळे. हा दोषही सात वर्षे जुना होता.

आपल्यापैकी ज्यांनी पहाणीतले कोरे रकाने पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अनुभवदाराचा रकाना कोरा राहिला, की पुढच्या साली तिथे कुणाचे नाव चढते ते आपण पाहिले आहे.

पोलकिटच्याच घरातली आणखी एक फट जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. ती २००९ पासूनची. एका प्रोग्रॅमरने २०१३ सालीच तिच्या तोंडाशी जाऊन 'इथे काही तरी विचित्र आहे' असे नोंदवले होते. तिचा गैरवापर कसा होईल ते त्याला दिसले नाही, आणि गोष्ट तिथेच राहिली.

शेवटची जोडी ३० जून २०२५ ची, रिच मर्च यांनी शोधलेली. त्यातली एक अशी, की यादीतला 'कोणत्या यंत्रावर' हा रकाना चुकवता येत होता. दुसऱ्या यंत्रासाठीचे नियम नुसते पाहता यावेत म्हणून एक सोय होती. ती पाहण्यापुरती न राहता आज्ञा चालवतानाही लागू पडत होती. किनवटच्या शेताचे मुखत्यारपत्र आदिलाबादच्या शेतावर चालवल्यासारखे. ही बारा वर्षे तिथे होती. दुसरी अधिक घातक. आज्ञा एका वेगळ्या, वापरणाऱ्यानेच नेमलेल्या कोठडीत चालवण्याची सोय २०२३ मध्ये सुधारली गेली, आणि त्या सुधारणेत असे झाले, की परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याआधीच सूडू त्या कोठडीत शिरून तिथल्या याद्या वाचू लागला. कागद तपासायला आलेला अधिकारी अर्जदाराच्या घरी बसून, अर्जदाराच्याच वहीवरून ओळख पटवतो, तसे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर अमेरिकी सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या दोषांच्या यादीत हिचे नाव घातले.

या सगळ्यांवर उपाय निघाले. प्रश्न उपायाचा नसतो. सुधारलेली आवृत्ती आणून बसवायला कुणीतरी लागतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळेत, सहकारी संस्थेत, दवाखान्यात तो कुणीतरी बहुधा नेमलेलाच नसतो.

आता हे आपल्या दारात आणून ठेवतो. १९८४ साली एन. टी. रामाराव सरकारने गावचे वंशपरंपरागत अधिकारी काढून टाकले. पटवाऱ्याची पेटी गेली, याचा आनंद झालेले पुष्कळ होते, आणि ज्यांच्या घरात ती पेटी होती तेही आपल्यातच होते. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण महसूल अधिकाऱ्याचे पदच रद्द झाले, २९ ऑक्टोबरला 'धरणी' सुरू झाली, आणि १४ एप्रिल २०२५ ला तिच्या जागी 'भूभारती' आली. दर वेळी सांगण्यात आले की मधला माणूस गेला. मधला माणूस जात नाही. पटवारी वहीत खाडाखोड करी तेव्हा शाईचा रंग वेगळा दिसे आणि शेजारच्या गावात बोभाटा होई. सर्व्हर कोणाचाही असो, त्यावर एक शून्य क्रमांकाचे खाते असते, त्याच्या वतीने काम करणारी माणसे असतात, आणि त्यांच्या हातांवर लक्ष ठेवणारा मुखत्यार-प्रोग्रॅम असतो. रूट झालेल्याला नोंदवहीही पुसता येते; म्हणून शहाणे लोक नोंद त्याच यंत्रावर ठेवत नाहीत, ती लगेच दुसऱ्या यंत्राकडे पाठवतात. आपल्या गावच्या तहसिलीत गेलात तर नक्कल मागताना हा एक प्रश्न विचारून पाहा : फेरफार कुणी केला ही नोंद कुठे राहते? उत्तर मिळो न मिळो, प्रश्न विचारणारा आहे एवढे तरी कळेल. आणि तोवर जुनी पेटी भंगारात देऊ नका. खासरा पहाणीची ती नक्कल कुणाच्याही पासवर्डाने बदलत नाही.

अलीकडे सूडू 'रस्ट' नावाच्या भाषेत पुन्हा लिहिला गेला आहे, जिच्यात मर्यादा ओलांडून लिहिणे मुळातच अवघड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटूच्या नव्या आवृत्तीने तोच आपला सूडू म्हणून घेतला. बॅरन सामेडिट त्यात शिरला नसता. उणे एक शिरला असता की नाही, हे भाषेवर नव्हे, लिहिणाऱ्यावर ठरले असते. कारण ती चूक स्मृतीची नव्हती, अर्थाची होती. पुढच्याच महिन्यात त्या नव्या सूडूतही दोन दोष निघाले. त्यांतला एक पुन्हा त्याच जुन्या जागी होता : पासवर्ड आधीच दिला आहे हे टिपताना नेमक्या कुणाचा पासवर्ड दिला, ते चुकीच्या नावावर लिहिले जात होते.

टॉड मिलर अजून जुन्या सूडूची देखभाल करतात. आपल्या पानावर त्यांनी लिहून ठेवले आहे की या कामासाठी ते प्रायोजक शोधत आहेत.